वर अजिंक्यतारा, खाली सातारा: एका दिवसाच्या फेरीचं परीक्षण

अजिंक्यताऱ्याला लोक पाच तारे देतात ते सूर्योदयासाठी. एक तारा देणारेही भेटतात, त्यांची तक्रार असते की वर गेल्यावर टॉवर सोडून बघण्यासारखं काही नाही. दोघांचंही एकच चुकतं. हा सुटा किल्ला नाही. एका राजधानीचा हा वरचा मजला आहे, आणि खालचा मजला म्हणजे राजवाडा, वारांच्या पेठा, तळी, हौद आणि पूर्वेला माहुलीचा संगम. गच्ची बघून घराला गुण द्यायचे आणि माजघरात पाऊलही टाकायचं नाही, असं हे चाललंय. म्हणून इथे किल्ला आणि गाव यांची एकत्र फेरी तपासली आहे: काय बघावं, कशात वेळ घालवू नये, आणि व्यवस्था कुठे कच्ची आहे.

गुण आधीच सांगून टाकतो. किल्ल्याला पाचापैकी साडेतीन, खालच्या गावाला साडेचार, आणि पाट्या, पाणी, देखभाल यांना मिळून दोन. ते दोनसुद्धा गाडीरस्ता चांगला आहे म्हणून.

एसटी स्टँडवरून राजवाड्याकडे बस आणि रिक्षा सतत असतात. अदालतवाड्यापाशी उतरलं की तिथून वाट चढते आणि पुढे गाडीरस्त्याला मिळते. रमतगमत तासाभरात दरवाजा येतो. किल्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर आणि गावापासून जेमतेम तीनशे मीटर वर, त्यामुळे रोज सकाळी फिरायला येणारे सातारकर हे अंतर चहाच्या आधी उरकतात. गाडी जवळजवळ दरवाज्यापर्यंत जाते. पण रविवारी सूर्योदयाच्या सुमारास वळणांवर गाड्या अडकतात. त्या दिवशी गाडी खालीच लावून चालत जाणं शहाणपणाचं. वर पिण्याच्या पाण्याचा भरवसा धरू नये, माणशी दोन लिटर सोबत हवं. पावसाळ्यात पायऱ्यांवर आणि फरसबंदीवर शेवाळ धरतं, गुळगुळीत तळाची चप्पल तिथे पहिल्याच पावलाला दगा देते. किल्ल्याला तिकीट नाही. पूर्ण फेरीला दीड ते दोन तास धरा.

आता दरवाजा. नव्वद टक्के लोक त्याच्यासमोर फोटो काढतात आणि त्यातून पळत आत शिरतात. अख्ख्या किल्ल्यात सगळ्यात धड राहिलेली आणि सगळ्यात जास्त शिकवणारी जागा हीच आहे, इथे वीस मिनिटं थांबायला हवं. वायव्य अंगाला दोन बुरुजांच्या मध्ये तो बसवला आहे. वाट सरळ दरवाज्यावर येत नाही, आधी तटाच्या कडेने यावं लागतं. म्हणजे चढून येणाऱ्याची एक बाजू सतत वरच्या माऱ्याखाली राहते, आणि हत्तीला धावत येऊन धडक मारायला सरळ अंतर मिळत नाही. कमानीच्या आत गेल्यावर लगेच पुढे सरकू नका. दरवाज्याची फळी जिथे टेकते त्याच्या मागे दोन्ही भिंतींत समोरासमोर भोकं शोधा. अडसराची ती जागा. एका बाजूचं भोक खोल असतं, दिवसा अख्खा अडसर त्यात ढकलून ठेवता येतो. दुसऱ्या बाजूचं उथळ, नुसतं टोक अडकण्यापुरतं. वर कमानीचे दगड बघा. ते पाचरीसारखे घडवलेले आहेत आणि एकमेकांच्या दाबावर उभे आहेत. चुना तिथे दगडांना चिकटवायला नाही, दाब सारखा पसरवायला आहे. हा फरक ज्याला कळला त्याला पुढे दुरुस्तीबद्दल आम्ही का कुरकुर करतो तेही कळेल.

बुरूज गोल का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. चौकोनी बुरुजाच्या कोपऱ्यावर तोफगोळा बसला की कोपरा निखळतो, गोल बुरुजावर तो घसरून जायची शक्यता जास्त. शिवाय गोल बुरुजाच्या पायथ्याशी लपायला आंधळा कोपरा उरत नाही. जंग्या म्हणजे तटातली बंदुकीची तिरकी भोकं. त्यांना आतून डोळा लावून बघा, खालची वाट नेमकी त्यात येते. बाहेरून मात्र ती बोटभर फट दिसते.

पहिल्या दरवाज्यानंतर दुसऱ्याचे अवशेष लागतात, मग मारुतीचं देऊळ, पुढे महादेवाचं. त्यापुढे प्रसारभारतीचं आवार आणि मनोरे. या मनोऱ्यांवरून लोक नाराज होतात, पण आमचं मत वेगळं आहे. डोंगराचा माथा निरोप पोचवायला वापरणं ही या जागेची जुनीच सवय आहे. मनोरे नसते तर गाडीरस्ताही बहुधा इतका सांभाळला गेला नसता.

इतिहास थोडक्यात असा. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस किल्ला बांधला असं मानतात. मग बहमनी, आदिलशाही. विजापूरच्या चांदबिबीला इथे कैदेत ठेवलं होतं. २७ जुलै १६७३ ला शिवाजी महाराजांनी तो घेतला. सातारा हे नाव सतरा बुरूज-तटांवरून आलं असं जुन्या पुस्तकांत सांगितलेलं असतं. बुरूज मोजत बसू नका, आज ती संख्या जुळवता येत नाही. औरंगजेबाने किल्ला घेतल्यावर शहजादा आजमच्या नावावरून 'आजमतारा' केलं, आणि मराठ्यांनी परत घेतल्यावर ताराबाईंच्या काळात अजिंक्यतारा झालं. म्हणजे किल्ल्याच्या नावातला 'तारा' ताराबाईंवरून आला हे जे सर्रास सांगितलं जातं, ते इतकं सरळ नाही. आजमतारा नावात तो आधीच होता.

१६९९-१७०० चा वेढा मात्र थोडक्यात उरकता येत नाही, कारण तो जागेवर उभं राहून अजून वाचता येतो. मंगळाई देवीचं देऊळ ज्या अंगाला आहे तिकडे जा. देवळासमोर मंगळाईचा बुरूज आहे. तिथून उत्तरेला खाली बघितलं की करंजे दिसतं. आज ती गावातली वस्ती आहे, त्या वेळी तिथे खुद्द औरंगजेबाची छावणी होती. पश्चिमेला शहापूरच्या अंगाला शहजादा आजम, पूर्वेला तरबियतखान, दक्षिणेला सर्जेखान. चारही बाजू बांधलेल्या. डिसेंबर १६९९ मध्ये वेढा पडला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. परशुरामपंत प्रतिनिधींनी बाहेरून धान्याची सोय लावून वेढा लांबवला. वरून दगड लोटायचे, सुलतानढवा (सगळ्या फौजेचा एकदम हल्ला) परतवायचा, हे चार महिने चाललं. शेवटी तरबियतखानाने ईशान्य कोपऱ्याखाली सुरुंग खणले आणि १३ एप्रिल १७०० ला बत्ती दिली. पहिल्या स्फोटाने तट आतल्या बाजूला कोसळला आणि मराठे गाडले गेले. खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगाने तटाचा भाग बाहेर फेकला आणि चढाईसाठी खाली दाटीने उभ्या असलेल्या मोगलांवरच तो पडला. मेलेल्यांचा आकडा दीड-दोन हजार सांगतात.

असं का झालं, ते कड्याकडे बघितल्यावर समजतं. हा काळा पाषाण एकसंध नाही, थराथरांचा आहे. टणक थरांमध्ये मऊ, भुसभुशीत थर येतात. खणायला मऊ थर सोपा, पण दारूचा जोर कुठल्या बाजूला फुटेल हे वरचा टणक थर कुठे तडकलेला आहे त्यावर ठरतं, आणि ते खणणाऱ्याला आतून दिसत नाही. भिंत पडूनही किल्ला त्या दिवशी पडला नाही. तो २१ एप्रिलला पडला, धान्य आणि दारूगोळा संपल्यावर. दरम्यान मार्चच्या सुरुवातीला सिंहगडावर राजाराम महाराज गेले होते. पाटीवर यातलं काहीतरी यायला नको का? निदान 'इथे उभे राहून उत्तरेकडे पाहा' एवढं तरी.

वाटेत ताराबाईंचा वाडा म्हणून दाखवतात ते जोतं आणि कोठाराचे अवशेष. इथे अपेक्षा कमी ठेवा, पण ताराबाईंची दुसरी एक आठवण या माथ्याशी बांधलेली आहे तेवढी लक्षात असू द्या: नोव्हेंबर १७५० मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात असताना, त्यांनी छत्रपती रामराजांना याच किल्ल्यावर अडकवून ठेवलं. राजधानीच्या डोक्यावर किल्ला असला की तो बाहेरच्या शत्रूइतकाच घरातल्या माणसांसाठीही वापरला जातो. माथ्यावरची तळी आणि टाकी बघायची असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बघा, उन्हाळ्यात बरीचशी कोरडी पडतात. दक्षिणेच्या अंगाला दोन दरवाजे आहेत. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही, म्हणून तिथली शांतता चांगली आणि झुडपं वाईट.

झुडपांवरूनच दुरुस्तीकडे वळतो. पाचातले तीन गुण इथे गेले म्हणा.

तट बाहेरून अखंड दगडी दिसत असला तरी आत तसा नसतो. बाहेरचा घडीव थर, आतला थर, आणि दोघांच्या मध्ये दगड-माती-चुन्याची भर. पाऊस वरून, म्हणजे फांजीच्या (तटावरच्या चालवाटेच्या) तुटलेल्या फरशीतून, या भरीत उतरतो. पूर्वी तो दरजांतल्या, म्हणजे दगडांच्या सांध्यांतल्या, चुन्यातून हळूहळू बाहेर पडायचा, कारण चुना पाणी शोषतो आणि सोडतो. आता दरजा सिमेंटने बुजवल्या की बाहेरची वाट बंद होते आणि वरची उघडीच राहते. काळ्या दगडाचं स्वतःचं काही बिघडत नाही, तो पोलादासारखा आहे. बिघडते ती भर. तिच्यातली माती वाहून तळाला बसते, वर पोकळी होते, आणि बाहेरचा थर फुगतो. गवंडी म्हणतात भिंतीला पोट आलंय. पोट आलेली भिंत सिमेंटच्या रेघांनी अगदी नीटनेटकी दिसते, आणि मग एखाद्या जुलैत पाच-सहा मीटर एकदम खाली येते. 'सिमेंटने काम केलं होतं तरी पडली' असं मग लोक म्हणतात. तरी नाही हो, म्हणून.

चुन्याचं काम अवघड नाही, पण घाईचं नाही. चुना विरवायचा, चाळायचा आणि पाण्याखाली किमान तीन-चार आठवडे मुरवायचा. कमी मुरलेल्या चुन्यातले कच्चे खडे नंतर भिंतीत फुलतात आणि दरज उखडते. एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग धारदार, धुतलेली वाळू. ओलीच्या जागी वाळूतला थोडा भाग कमी करून विटांची सुरखी (पूड) घालायची, म्हणजे चुना ओलसरपणातही धरतो. दरज रुंदीच्या दुप्पट खोल हाताने मोकळी करायची, ग्राइंडर लावायचा नाही. तो दगडाची कड खातो. आतली धूळ काढून दरज ओली करायची, माल एका दमात न कोंबता थराथराने भरायचा, आणि निदान दहा दिवस ओली गोणपाटं टाकून ठेवायची. कोवळ्या चुन्याला कडक ऊन लागलं की त्याची भुकटी होते, मुसळधार पाऊस लागला की तो वाहून जातो. म्हणजे साताऱ्यात हे काम करायला खरे दिवस ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. निधी मात्र बहुतेक ठिकाणी मार्चमध्ये खर्च करायचा असतो, हे सरकारी काम जवळून बघितलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

पिंपळाबद्दल श्रमदानाला येणाऱ्या तरुणांना एक विनंती. तटात रुजलेलं झाड दोर लावून उपटू नका. मूळ भरीत हातभर शिरलेलं असतं, ते ओढताना चार दगड घेऊनच बाहेर येतं. नुसतं कापलं तर पुढच्या पावसात एकाच्या जागी पाच फुटवे येतात. बुंधा दगडालगत कापून, त्यात भोकं पाडून, जाणकाराकडून औषध भरून आधी मारावं लागतं. वाळल्यावर पोकळीत पातळ चुना ओतायचा. आणि पडलेले दगड उचलून वाटेच्या कडेला बांध घालू नका. जिथे पडले तिथेच ठेवलेले बरे, कुठला दगड कुठून सुटला याचा तेवढाच पुरावा असतो.

नऊच्या सुमारास खाली उतरलात तर गावासाठी अख्खा दिवस आहे.

उतरताना एका वळणावर थांबून गावाची बैठक समजून घ्या. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर, उतार वेण्णा आणि कृष्णेकडे. शाहू महाराजांनी ताराबाईंच्या पक्षाकडून किल्ला घेतला तोही तटाशी न झुंजता: किल्ल्यातल्या शेख मिरा या अधिकाऱ्याचं कुटुंब वाईला होतं, त्याला तोफेच्या तोंडी देण्याची धमकी गेली, आणि शेख मिराने परशुरामपंतांना कैद करून दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ ला राज्याभिषेक झाला. त्यानंतर मात्र या राजाने किल्ल्यात कोंडून राहायचं नाकारलं आणि उतारावर शाहूनगर वसवलं. वेढ्यात धान्य आणि दारूगोळा संपला की डोंगरमाथा काय कामाचा, हे १७०० ने दाखवूनच दिलं होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार अशा वारांच्या पेठा, शिवाय चिमणपुरा, व्यंकटपुरा, यादोगोपाळ. नव्या पेशव्याला वस्त्रं मिळायची ती या गावच्या छत्रपतींकडून. पुण्याच्या लोकांना याची आठवण अधूनमधून करून द्यावी लागते, तेवढा हक्क सातारकरांना आहे.

राजधानीचं खरं कौशल्य मात्र पाण्यात दिसतं. उतारावरच्या गावाची अडचण अशी की पाऊस धो धो पडतो आणि दोन तासांत नदीला मिळतो. उपाय म्हणजे डोंगराच्या कुशीत पाणी अडवायचं आणि उताराचाच उपयोग करून ते पेठांतून फिरवायचं. महादरे तळं यवतेश्वराच्या अंगाला आहे. तिथलं पाणी खापरी नळांनी गावात यायचं आणि हौदांत पडायचं. खापरी नळ म्हणजे भाजलेल्या मातीचे तुकडे, एकाचं निमुळतं तोंड दुसऱ्यात बसवून चुन्याने सांधलेले. अशा नळांचे दोन शत्रू: आत अडकलेली हवा आणि गाळ. हवेसाठी वाटेत उच्छ्वास ठेवायचे, म्हणजे उभे पोकळ खांब. ते नसतील तर हवेचा फुगा पाणी अडवतो आणि दाबाने नळाचा सांधा फुटतो. गाळासाठी मध्ये छोटी कुंडं, ती वेळेवर उपसायची. राजपथावरच्या कमानी हौदापाशी आता रिक्षा आणि दुकानं यांच्या गर्दीत लोक त्याच्याकडे नुसतं चौकाचं नाव म्हणून बघतात. मंगळवार तळं आणि मोती तळंही याच साखळीचे मणी. दगडी पायऱ्यांची बंदिस्त तळी असल्याने त्यांत पडलेली कुठलीही गोष्ट वाहून जात नाही. प्लास्टरची मूर्ती तर विरघळतही नाही, तळाला चिखल होऊन बसते आणि झऱ्याची तोंडं बुजवते. पुढे ब्रिटिश काळात कास तलावाचं पाणी आलं, तेही डोंगरउताराच्या जोरावर. पंप नाही, वीज नाही. आज कास पठारावर फुलं बघायला जाणाऱ्यांपैकी किती जण त्या तलावाकडे सातारच्या नळाचं टोक म्हणून बघतात, देव जाणे.

राजवाडा दुपारच्या आत बघा. जुना वाडा प्रतापसिंह महाराजांचा, त्याला लागून नवा वाडा त्यांच्यामागून गादीवर आलेल्या शहाजी महाराजांच्या काळातला. १८१८ नंतरची, म्हणजे सत्ता इंग्रजांच्या मुठीत गेल्यावरची ही बांधकामं. म्हणून इथे बुरूज नाहीत, जंग्या नाहीत. चौक, सोपे (ओसऱ्या) आणि सागवानी खांब आहेत. खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर नुसता ठेवलेला असतो. वाळवी आणि ओल दोन्ही त्यामुळे लांब राहतात. अशा वाड्यात खराबी सुरू होते ती तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकापाशी, कारण वरची पन्हळ तुंबली की पाणी नेमकं तिथे उतरतं. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते आणि टोक आत कुजलेलं असतं. पेठांतले जुने वाडे पडतात ते बहुतेक असेच, आणि दर वेळी दोष 'जुनं लाकूड' म्हणून लाकडाला दिला जातो. वर्षातून दोनदा पन्हळ साफ केली असती तर तेच लाकूड आणखी शंभर वर्षं टिकलं असतं.

या वास्तूशी जोडलेल्या प्रतापसिंह हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो त्यामुळे. राजाच्या वाड्याची शाळा होणं आणि त्या शाळेत हा विद्यार्थी येणं, या एका गोष्टीसाठी ही इमारत किल्ल्याच्या बरोबरीने जपायला हवी. किती भाग उघडा आहे ते त्या त्या वेळी बदलतं. बंद दाराशी हुज्जत घालू नका, बाहेरचा दर्शनी भाग आणि समोरचं गांधी मैदान यातूनही मांडणी कळते. दसऱ्याला आलात तर जलमंदिर वाड्यातून भवानी तलवार मिरवत शाही सीमोल्लंघन पोवई नाक्याकडे जातं. सगळं शहर राजपथावर असतं, गाडी त्या दिवशी विसरा.

एसटी स्टँडजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला गर्दी झाली ती जुलै २०२४ पासून, लंडनच्या संग्रहालयातून आणलेली वाघनखं काही महिने इथे ठेवली होती तेव्हा. ती गेल्यावर गर्दीही ओसरली. आता निवांत बघता येतं, शस्त्रं, वस्त्रं आणि कागद. एक तास पुरतो. निघण्याआधी सुट्टीचा वार विचारून घ्या. किल्ला आधी आणि संग्रहालय नंतर हाच क्रम ठेवा. भिंतीतली जंगी बघून आलेल्या माणसाला कपाटातली बंदूक वेगळी दिसते.

बाहेरच्या पाहुण्यांचा नेहमीचा प्रश्न: जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे, अजिंक्यतारा का नाही? त्या यादीची मांडणी लष्करी भूदृश्यांची आहे: डोंगर, जंगल, पठार, किनारा, बेट अशा वेगवेगळ्या जागी किल्ले कसे रचले गेले ते दाखवणारी. त्या कसोटीवर अजिंक्यताऱ्याचे तुटके तट आणि माथ्यावरचे मनोरे मागे पडतात, हे मान्य करायला हरकत नाही. त्याची ताकद वेगळ्या हिशेबात आहे, किल्ला अधिक गाव अधिक पाणी. तो हिशेब मांडायचा तर कमानी हौदापासून सुरुवात करावी लागेल, आणि एक सलग नकाशा लागेल, जो आज एकाही चौकात लावलेला नाही. माणसाने गावात फिरावं तरी कसं? सध्या उत्तर एकच: विचारत विचारत. त्याला मात्र सातारकर चांगले आहेत, हातातलं काम टाकून कोपऱ्यापर्यंत सोडायला येतील.

राजवाडा परिसरात कंदी पेढे घ्या. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, त्यामुळे साध्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो आणि गोडी कमी, भाजकी चव जास्त. फार पांढरा दिसला तर तो कंदी नव्हे.

दुपारनंतर दोन पर्याय उरतात आणि दोन्ही एकत्र नीट जमत नाहीत. पुण्याकडे परतणार असाल तर महामार्गापासून थोडं आत, लिंब गावची बारा मोटेची विहीर. शाहूकाळातच, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाईंनी ती बांधून घेतली. व्यास सुमारे पन्नास फूट, खोली एकशेदहा. बारा मोटा एकाच वेळी चालतील अशी वरची मांडणी आणि मध्ये चक्क महाल. पाण्याच्या बाबतीत हे राज्य किती गंभीर होतं याचा याहून ठोस पुरावा नाही. सावकाश उतरा, कठड्यावर बसू नका.

दुसरा पर्याय पूर्वेला पाचेक किलोमीटरवरचं संगम माहुली. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव प्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलं. घाटाच्या आसपास राजघराण्याच्या समाध्या आहेत, आणि शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला गेले, त्यांची समाधी नदीच्या पात्रात आहे. पावसाळ्यात आणि नंतरही बराच काळ ती पाण्याखाली असते. पात्र आटलं की, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, उघडी पडते. किल्ल्यावरची तळी भरलेली बघायची तर ऑक्टोबर, आणि समाधी बघायची तर भर उन्हाळा. त्यामुळे एका फेरीत सातारा पुरा होत नाही, मे महिन्यात पुन्हा यावं लागतं. तेव्हा किल्ला मात्र सकाळी आठच्या आत उरकून घ्या.